ब्रश शेवटचा कधी धुतला?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या ओपीडीत नवऱ्यामुली दिसू लागतात. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांच्या रांगेत एखादी आई मुलीचा हात धरून उभी असते आणि आजाराआधी लग्नाची तारीख सांगते. सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस असतात. उरलेल्या दिवशी हे चेहरे माझ्यासारख्या फिजिशियनपुढे येतात.

मागच्या लग्नसराईतली ही गोष्ट. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, शहरात नोकरी करणारी, होस्टेलवर राहणारी. साखरपुडा होऊन दहा दिवस झाले होते आणि लग्नाला पंचवीस दिवस उरले होते. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर बारीक, टोकाला पू असलेल्या पुळ्या. हनुवटीच्या एका बाजूला मधाच्या रंगाची खपली धरलेली. आई म्हणाली, "डॉक्टर, हिला पावडरची ॲलर्जी आहे हो. तीन कंपन्या बदलल्या, तरी तेच."

"तीन पावडरी बदलल्या, मग ब्रश किती बदलले?" असं मी विचारायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला ते सुचलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुष डॉक्टरला मेकअपच्या ब्रशबद्दल कितीसं ठाऊक असणार? मी एवढंच म्हणालो, "उद्या येताना चेहऱ्याला लावतेस ते सगळं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर पाऊच उपडा केला. फाउंडेशन पावडरच्या तीन डब्या, सनस्क्रीन, मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब आणि गुलाबी दांडीचा एक ब्रश. ब्रशचे केस भिंत रंगवून झाल्यावर तसाच ठेवलेल्या कुंचल्यासारखे गठ्ठ्यांनी चिकटलेले होते. मी तो पांढऱ्या कागदावर दाबला, तर कागदावर तपकिरी, तेलकट ठसा उमटला.

"शेवटचा कधी धुतलास?"

"हा धुवायचा असतो, सर?"

ब्रश दोन वर्षांपूर्वी घेतलेला होता. तो तिची धाकटी बहीण वापरायची आणि अधूनमधून होस्टेलमधली खोलीतली मैत्रीणही. पावडरी बदलल्या, पण ती चेहऱ्यावर पोचवणारं साधन तेच राहिलं.

ब्रशवर काय साचतं?

आपली त्वचा सतत थोडं तेल सोडत असते. तिचा वरचा मृत पापुद्राही रोज झडत असतो. ब्रश गालावरून फिरतो तेव्हा पावडर खाली उतरते आणि तेल, घाम, मृत पेशी वर चढतात. त्यांच्याबरोबर त्वचेवरचे जिवाणूही येतात. हाच ब्रश पुन्हा डबीत टेकवला की त्यातलं थोडं पावडरीवर जातं. दाबून बसवलेल्या पावडरीच्या मधोमध कधी कधी चकचकीत, कडक थर दिसतो आणि पावडर ब्रशला लागेनाशी होते. तो बहुतेक वेळा आपल्याच चेहऱ्यावरच्या तेलाचा थर असतो.

कोरड्या पावडरीत पाणी नसल्यामुळे जंतू सहज वाढत नाहीत. पण तेल आणि ओलावा मिळाला की चित्र बदलतं. घामट चेहऱ्यावर फिरवलेला, तसाच पर्समध्ये कोंबलेला किंवा बाथरूममधल्या फळीवर ठेवलेला ब्रश ओलसरच राहतो. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये लोकांच्या वापरातली प्रसाधनं तपासली. दहापैकी सुमारे नऊ वस्तूंवर जिवाणू सापडले आणि सर्वाधिक दूषित निघाले ते फाउंडेशन लावायचे स्पंज. ते ओले करून वापरतात आणि क्वचितच धुतात. पावडरीचा ब्रश स्पंजपेक्षा बरा, पण तो कोरडा आणि स्वच्छ राहिला तरच.

यातला महत्त्वाचा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो कायम किंवा अधूनमधून मुक्काम करतो आणि सहसा काही त्रास देत नाही. मात्र त्वचेला बारीक ओरखडा पडला की तो केसाच्या मुळाशी शिरतो. मग पू असलेल्या पुळ्या येतात, केसतूड होतं किंवा मधाच्या रंगाची खपली धरणारा संसर्ग होतो. कोरड्या पृष्ठभागावर हा जिवाणू दिवसच काय, आठवडेही टिकू शकतो.

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या सहकाऱ्याने मुलीच्या पुळीतला पू तपासला आणि कुतूहलापोटी ब्रशचाही नमुना घेतला. दोन्हींत स्टॅफिलोकॉकसच वाढला. आई लगेच म्हणाली, "म्हणजे ब्रशनेच केलं!" तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. जंतू ब्रशवरून चेहऱ्यावर आला की चेहऱ्यावरून ब्रशवर गेला, हे या तपासणीतून कळत नाही. उपचारासाठी एक गोष्ट मात्र पुरेशी स्पष्ट होती. औषधाने चेहरा बरा केला आणि हाच ब्रश पुन्हा गालावर फिरला, तर येरे माझ्या मागल्या.

जंतू नसले तरी अस्वच्छ ब्रश त्रास देतो. गठ्ठे झालेले कडक केस त्वचेवर घासतात आणि साचलेलं तेल छिद्रांत जातं. प्रसाधनांमुळे येणाऱ्या पुटकुळ्यांना वैद्यकशास्त्रात १९७२ पासून 'ॲक्ने कॉस्मेटिका' असं नावच आहे. या पुटकुळ्या झाकायला आणखी पावडर, ती बसवायला आणखी घासणं आणि त्यातून आणखी पुटकुळ्या, असं हे चक्र चालू राहतं.

ती ट्यूब

पाऊचमधल्या ट्यूबबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीवरचं औषध असं तिहेरी मिश्रण होतं. लावल्यावर दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून विश्वास बसतो. पण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं. आतला संसर्ग तसाच राहतो किंवा पसरतो. महिनोन्महिने लावलं तर चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या आणि लव वाढते. थांबवलं की चेहरा आणखी भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. चेहऱ्यावरच्या पुरळाला कुणाच्या सांगण्यावरून ट्यूब लावू नका, आणि बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना सांगूनच थांबवा. या मुलीने ती आठच दिवस लावली होती, म्हणून थोडक्यात निभावलं.

ताईंचा धडा

उपचार सुरू झाले, पण एक प्रश्न उरला. साखरपुड्याचा मेकअप ज्या ताईंनी केला होता, लग्नाचा मेकअपही त्याच करणार होत्या. त्यांचे ब्रश कसे असतील? मी आईला म्हटलं, "ताईंना एकदा भेटायला सांगा."

ताई आल्या त्या जरा घुश्शातच. पंधरा वर्षं नवऱ्यामुली सजवण्याचं काम करून त्यांनी घर चालवलं होतं. "डॉक्टर, माझ्या हाताने कुणाचा चेहरा बिघडला असं गावात पसरलं, तर माझ्या ऑर्डरी बंद होतील," त्या म्हणाल्या. त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना सांगितलं, "ताई, दोष कुणाला द्यायचा नाहीये. मला ब्रशमधलं काही कळत नाही. तुम्ही मला ते शिकवा, मी तुम्हाला जंतूंचं सांगतो." पुढचा अर्धा तास शिकण्यात गेला, आणि माझंच शिक्षण जास्त झालं.

ब्रश निवडताना

पहिला प्रश्न, केस कोणते? ब्रश दोन प्रकारचे असतात, प्राण्यांच्या केसांचे आणि कृत्रिम तंतूंचे. बकरी, खार, घोडा यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. त्यांत पावडर छान धरून राहते, म्हणून पावडरीसाठी हे केस पूर्वापार नावाजलेले. जपानमध्ये हिरोशिमाजवळचं कुमानो हे गाव अशा ब्रशसाठी प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकलेल्या जपानी संघाला सरकारी सन्मानासोबत कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले गेले. तिथल्या चांगल्या ब्रशमध्ये केसांची टोकं कापत नाहीत, निमुळतीच ठेवतात. कापलेलं टोक गालाला टोचतं आणि न कापलेलं टोचत नाही, हा त्यातला साधा हिशोब.

पण ज्या खवल्यांत पावडर धरून राहते, त्यांतच तेल आणि मळही धरून राहतो. असा ब्रश धुवायला वेळ लागतो, वाळायला त्याहून जास्त. नायलॉन किंवा पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम तंतूंचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ते पाणी कमी शोषतात, लवकर धुऊन निघतात आणि लवकर वाळतात. पूर्वी हे तंतू फक्त क्रीम किंवा द्रव फाउंडेशनसाठी चांगले समजत. आता पावडर धरतील असे मऊ कृत्रिम ब्रशही मिळतात. आपल्या दमट हवेत, रोजच्या वापरासाठी, डॉक्टर म्हणून मी कृत्रिमच सुचवीन. प्राण्यांच्या केसांनी शिंका येणाऱ्या किंवा त्वचा खाजणाऱ्यांनी तर नक्कीच. आणखी एक सूचना. मुंगसाच्या केसांचा ब्रश म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

दुसरा प्रश्न, आकार कोणता? मोठा, फुगीर, विरळ केसांचा ब्रश पावडरचा अगदी पातळ थर देतो. आखूड दांडीचा, दाट, घुमटासारखा काबुकी ब्रश जास्त पावडर उचलतो आणि डाग जास्त झाकतो. फाउंडेशन पावडरीला साधारण हाच वापरतात. पण दाट असेल तितका तो घासतोही जास्त आणि वाळतोही उशिरा. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमं आहेत किंवा त्वचा नाजूक आहे, त्यांनी मध्यम दाट आणि मऊ ब्रश घ्यावा.

दुकानात ताईंच्या तीन चाचण्या करून पाहा. ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून गोल फिरवा, टोचता कामा नये. केस चिमटीत धरून हलके ओढा. एखाददुसरा सुटला तर चालेल, पाच-सहा हातात आले तर ब्रश परत ठेवा. मग केस आणि दांडी यांना जोडणारी धातूची कडी हलवून पाहा. ती सैल असेल तर धुताना पाणी आत शिरतं, गोंद सुटतो आणि आत ओल राहते. किंमत हे दर्जाचं माप नव्हे. नियमित धुतलेला स्वस्त ब्रश कधीही न धुतलेल्या महागड्या ब्रशपेक्षा त्वचेला बरा. आणि नवा ब्रशही एकदा धुऊनच वापरा.

वापरताना

आधी चेहरा धुवा आणि हातही. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावल्यावर ते मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा. ओल्या चेहऱ्यावर पावडर लावली तर तिचे ठिपके बसतात आणि ब्रशही ओला होतो. ब्रशचं फक्त टोक पावडरला टेकवा आणि डबीच्या कडेवर हलकेच झटका. नाकासमोर फुंकर मारून पावडर उडवू नका. तो धुरळा श्वासात जातो, दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो. घरात तान्हं बाळ असेल तर ते जवळ नसताना हे करा.

मग चेहऱ्याच्या मधून बाहेरच्या बाजूला, आधी हलकं दाबत आणि नंतर छोटे गोल फिरवत पावडर लावा. शेवटचा हात वरून खाली फिरवा, म्हणजे लव बसते. "भांडं घासल्यासारखं घासायचं नाही, बाळाला पावडर लावतो तसं," असं ताईंनी सांगितलं. पुळ्या असलेल्या जागी ब्रश फिरवायचा नाही, नुसता टेकवायचा, आणि ती जागा सगळ्यात शेवटी घ्यायची. पू किंवा खपली असेल तर त्यावर पावडर नकोच.

डबीवर एसपीएफ लिहिलेला असतो, म्हणून बऱ्याच जणी सनस्क्रीन लावत नाहीत. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. ब्रशने पावडरचा तेवढा थर कुणी लावत नाही, लावला तर चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसेल. सनस्क्रीन वेगळं लावायला हवं.

धुताना

अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. आपल्या सोयीसाठी रविवार ठरवून टाकावा. चेहऱ्यावर पुळ्या असतील तर त्याहूनही लवकर धुवा.

ब्रशचे केस खालच्या बाजूला धरून कोमट पाण्याखाली भिजवा. धातूच्या कडीत पाणी जाऊ देऊ नका. तळहातावर सौम्य शाम्पूचे दोन थेंब घेऊन त्यावर ब्रश गोल फिरवा. फेस तपकिरी येईल. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. स्वच्छ कापडात हलकेच दाबून पाणी काढा, बोटांनी आकार द्या आणि केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा आडवा ठेवा. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला तर पाणी मुळाशी उतरतं. हेअर ड्रायरची किंवा उन्हाची प्रखर उष्णता केस आणि गोंद दोन्ही बिघडवते. पंख्याची हवा पुरेशी आहे.

दाट ब्रश वाळायला पूर्ण दिवस लागू शकतो, कोकणात किंवा मुंबईत श्रावणात त्याहून जास्त. म्हणून जमलं तर दोन साधे ब्रश ठेवावेत. एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. पावसाळ्यात वाळल्यावर ब्रश नाकाशी धरा. कुबट वास येत असेल तर पुन्हा धुवा आणि तरीही वास जात नसेल तर टाकून द्या. केस झडू लागले, टोचू लागले किंवा कडी सैल झाली, तरी त्याची सुट्टी करा.

माझा आणि तुझा

घरात टॉवेल वेगळे असावेत हे आपण मानतो. ब्रशचंही तसंच आहे, कारण समोरचा माणूस निरोगी दिसतो म्हणून तो जंतूमुक्त असतोच असं नाही. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, ते हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार असतो. फोड नसतानाही तो अधूनमधून बाहेर पडत असतो. नायट्याची बुरशी आणि डोळे आणणारे जंतूही वापरलेल्या वस्तूंतून पसरू शकतात.

ताईंना हे कळल्यावर त्यांनी प्रश्न विचारला, "एका मुहूर्तावर तीन नवऱ्या असतात. मधे ब्रश धुवून वाळवू कधी?" प्रश्न रास्त होता. आम्ही मिळून तोडगा काढला. प्रत्येक नवरीला धुऊन वाळवलेल्या ब्रशचा वेगळा संच. डबीत थेट ब्रश बुडवायचा नाही. स्वच्छ चमच्याने पावडर खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्यायची आणि उरलेली परत डबीत टाकायची नाही. अगदीच अडचण आली तर आधी ब्रश कोरड्या कापडावर पुसून ७० टक्के अल्कोहोलचा फवारा मारायचा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरायचा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे दिवा, गॅस आणि अगरबत्तीपासून लांब. हा तात्पुरता उपाय आहे. तेल आणि मळ असला की अल्कोहोल नीट काम करत नाही, त्यामुळे धुण्याची जागा तो घेऊ शकत नाही. आणि कुणाच्या ओठावर फोड, चेहऱ्यावर नायटा किंवा डोळे आलेले असतील तर त्या व्यक्तीचा ब्रश दुसऱ्या कुणासाठी वापरायचाच नाही.

पार्लरमध्ये ब्रशबद्दल विचारायला संकोच वाटत असेल, तर स्वतःचा ब्रश घेऊन जा. कुणालाही वाईट वाटत नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा. पुळ्यांबरोबर ताप आला, चेहरा सुजला किंवा गरम, दुखरा झाला, डोळ्याभोवती सूज आली, तर ब्रश आणि पावडरचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी पिळू नका. तिथल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध असतो. क्वचितच, पण तिथून संसर्ग आत जाऊ शकतो.

त्या मुलीची ट्यूब आणि मेकअप दोन्ही बंद केले, योग्य प्रतिजैविक दिलं, जुना ब्रश आणि तिन्ही डब्या टाकायला लावल्या. दोन आठवड्यांत पुळ्या बसल्या. काही फिकट डाग लग्नापर्यंत राहिलेच, पण ताईंनी ते झाकले, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या ब्रशने. लग्नानंतर महिन्याने ताई बीपीची गोळी न्यायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, आता गिऱ्हाइकं माझे वाळत घातलेले ब्रश बघतात आणि ऑर्डर देतात."

हे वाचून झाल्यावर घरातला ब्रश काढा आणि पांढऱ्या कागदावर दाबून पाहा. ठसा उमटला, तर रविवारची वाट पाहू नका.